कॅनडात पहिलेच कॅम्पिंग: ३५० डॉलरमध्ये पाच जणांचे सामान कसे जमवावे?

किचनरची_नाशिककर

नमस्कार मंडळी,

आम्ही दोन वर्षांपूर्वी नाशिकहून ओंटारिओतल्या किचनरला आलो. घरात मी, माझे यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असे चौघे आहोत, आणि जूनमध्ये सासूबाई चार महिन्यांसाठी येत आहेत. मुलीच्या वर्गातली बरीच मुले उन्हाळ्यात आईवडिलांबरोबर तंबूत राहून येतात. गेल्या सप्टेंबरमध्ये शाळेने "सुट्टीत मी काय केले" या विषयावर चित्र काढायला सांगितले, तेव्हा तिने तळे, झाडे आणि एक निळा तंबू काढला. आम्ही तिला कधी तंबूत नेलेले नव्हते. ते चित्र अजून फ्रीजवर लावलेले आहे. म्हणून यंदा फेब्रुवारीत, तंबूच्या जागांचे आरक्षण पाच महिने आधी सकाळी सातला उघडते हे कळल्यावर, मी सात वाजायच्या आधीच संगणकासमोर बसले आणि अल्गॉन्क्विन पार्क या ओंटारिओतल्या वनउद्यानात, पॉग लेक येथे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दोन रात्रींची जागा मिळवली.

जागेचे पैसे भरून झाले आहेत. सामानासाठी करासकट ३५० डॉलर बाजूला ठेवता येतील, त्यापलीकडे एक डॉलरही नाही, कारण यजमानांचे कंत्राट ऑगस्टमध्ये संपते आणि पुढचे अजून ठरलेले नाही. दुकानांची संकेतस्थळे पाहिली तर एका चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या तंबूतच हे सगळे पैसे संपतात. लग्नाआधी मी हरिश्चंद्रगडावर डिसेंबरमध्ये चादर आणि शाल घेऊन गुहेत झोपलेली आहे, त्यामुळे गैरसोयीची भीती वाटत नाही, पण लहान मुले आणि चौसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई बरोबर असताना तसा प्रयोग करण्याची माझी तयारी नाही.

माझे प्रश्न असे आहेत. कोणती वस्तू नवीन घ्यावी आणि कोणती वापरलेली चालेल? पाच जणांसाठी तंबू केवढा लागतो? सासूबाई येताना पुण्याच्या डेकॅथलॉनमधून स्लीपिंग बॅगा आणि शेगडी आणू शकतील, तर ते स्वस्त पडेल का? आमच्याकडे जुनी मिनीव्हॅन आहे, त्यामुळे सामान न्यायची अडचण नाही.

घाटवाट

ताई, नमस्कार. मी ग्वेल्फला राहतो आणि गेली अकरा वर्षे दर उन्हाळ्यात दोन-तीनदा तरी सहकुटुंब तंबूत जातो. तुमच्या प्रश्नातले सर्वांत मोलाचे वाक्य शेवटचे आहे. गाडी थेट तंबूच्या जागेपर्यंत जाते, म्हणजे वजनाचा प्रश्नच उरत नाही, आणि कॅम्पिंगच्या सामानात पैसे जातात ते मुख्यतः वजन कमी करण्यासाठी. पाठीवर सामान घेऊन चार दिवस चालणाऱ्याला एक किलोची स्लीपिंग बॅग लागते. तुम्हाला घरची रजई चालेल, स्वयंपाकघरातली पातेली चालतील आणि अंगणातल्या घडीच्या खुर्च्याही चालतील. दुकानात "ट्रेकिंग" असे लिहिलेल्या फळीकडे वळूच नका.

पैसे दोनच ठिकाणी खर्च करा: अंगाखाली आणि डोक्यावर.

अंगाखालचे आधी सांगतो, कारण नवीन माणूस नेमके तिथेच चुकतो आणि मीही चुकलो होतो. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा हवा भरायची जाड, दुहेरी गादी आणि वर दोन रजया असा थाट होता. झोपताना घरच्या पलंगासारखे वाटले. रात्री दोनच्या सुमारास जाग आली तेव्हा पोट आणि छाती ऊबदार होती आणि पाठ मात्र ओल्या फरशीवर टेकल्यासारखी गार पडली होती. बायको मुलाला पोटाशी घेऊन बसून होती आणि पहाटेपर्यंत आम्ही तिघे गाडीत हीटर लावून बसलो. कारण साधे आहे. हवेच्या गादीत आत नुसती मोकळी हवा असते. ती आतल्या आत फिरते आणि अंगाची ऊब खालच्या गार जमिनीला नेऊन पोहोचवते. रजईतला कापूस किंवा स्लीपिंग बॅगमधले धागे अंगाच्या भाराखाली दबले की त्यांच्यातली हवा निघून जाते, म्हणून खालच्या बाजूने त्यांचा उपयोग नाममात्र राहतो. वर कितीही पांघरले तरी जमिनीची थंडी थांबत नाही.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दाट फोमची घडीची किंवा गुंडाळी होणारी मॅट. मॅटवर आर-व्हॅल्यू म्हणून आकडा दिलेला असतो. तो जितका मोठा, तितका थंडीला अटकाव जास्त. साध्या फोम मॅटचा आकडा २ च्या आसपास असतो आणि जुलैला तो पुरतो. ही मॅट फुटत नाही, तिची हवा जात नाही, मुलांनी तिच्यावर उड्या मारल्या तरी काही बिघडत नाही. तिच्यावर आपली गोधडी दुहेरी घालून अंथरली की लहान मुलांना मऊपणाही मिळतो. घरात हवेची गादी आधीच असेल तर ती टाकून देऊ नका, पण फोम आणि गोधडी तिच्या वर, अंगाला लागून, अंथरा. सासूबाईंना सामानात काही आणायला सांगायचेच असेल तर जुन्या सुती साड्यांच्या, भरपूर टाक्यांच्या दोन गोधड्या आणायला सांगा. तशी वस्तू इथे कुठल्याही दुकानात मिळत नाही.

आता तंबूविषयी. तंबूवर लिहिलेली संख्या ही खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्या माणसांची असते, त्यात बॅगांना किंवा कूस बदलायला जागा धरलेली नसते. पाच जणांना सहा जणांचा तंबू घ्या. आठ जणांचा मोह टाळा, कारण स्वस्त मोठे तंबू उंच असतात, वारा त्यांना शिडासारखा धरतो आणि बारीक फायबरग्लासच्या काठ्या तेवढा जोर पेलत नाहीत. घेताना एकच गोष्ट कटाक्षाने पाहा: वरचे पावसाचे आवरण, ज्याला इथे फ्लाय म्हणतात, ते जमिनीपर्यंत उतरते का. पुष्कळ स्वस्त तंबूंना टोपीसारखे तोकडे आवरण असते. ते दुकानात छान दिसते, पण वाऱ्याबरोबर तिरका पाऊस आला की पाणी बाजूच्या भिंतींवर आणि खिडक्यांवर बसते आणि शिवणींतून आत झिरपते.

वापरलेला तंबू अवश्य घ्या. किजीजी (वापरलेल्या वस्तूंच्या जाहिरातींचे संकेतस्थळ) आणि फेसबुक मार्केटप्लेसवर एप्रिल-मेमध्ये भरपूर येतात, कारण एकदाच वापरून तळघरात ठेवलेले तंबू लोक या दिवसांत बाहेर काढतात, शिवाय विद्यापीठांचे सत्र संपल्यावर घर रिकामे करणारे विद्यार्थीही विकतात. घरगुती विक्रीवर १३ टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर, पडत नाही, हा तुमच्यासारख्या ठरावीक पैशांत बसवणाऱ्यांना मोठा आधार आहे. फक्त पिशवीत बांधलेला तंबू कधीही उचलून आणू नका. विकणाऱ्याच्या ड्राइव्ह-वेवर तो उघडून लावून पाहू देण्याची विनंती आधीच करा. जो नाही म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका.

उघडल्याबरोबर आधी नाक लावा. आंबूस, उलटीसारखा वास आला तर आतला पाणीरोधक लेप सडायला लागला आहे. मग फ्लायची आतली बाजू तळहाताने दाबून पाहा. हात चिकटला, आणि कापडाच्या घड्या सोडवताना चरचर आवाज आला, तर तो लेप गेलाच, आणि तसा तंबू फुकट मिळाला तरी घेऊ नका, कारण ते घरी दुरुस्त होण्यासारखे नसते. शिवणींवरची पारदर्शक पट्टी सुक्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटलेली असेल तर मात्र घाबरायचे कारण नाही. शिवणींना लावायच्या लेपाची नळी मिळते, ती एका दुपारी लावून होते. काठ्यांवरून बोट फिरवू नका, फायबरग्लासचे कूस शिरते. धातूची नळी जिथे बसते तिथे उभी भेग आहे का ते डोळ्यांनी पाहा. सगळ्या चेनी दोनदा उघडून लावा, विशेषतः दाराच्या वळणावर. खुंट्या कमी असतील तर हरकत नाही, त्या सुट्या मिळतात, पण काठ्या पुऱ्या आहेत की नाही हे तंबू उभा राहिल्याशिवाय कळत नाही.

तंबूखाली ताडपत्री अंथरणार असाल तर ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटे लहान ठेवा, जास्तीची कडा आत दुमडून घ्या. बाहेर राहिलेल्या कडेवर पावसाचे पाणी पडते आणि थेट तंबूखाली जाऊन साचते. दुसरी ताडपत्री झाडांना दोरीने तिरकी बांधून जेवणाच्या टेबलावर छत करा. पाऊस लागला तर पाच माणसांना बसायला जागा हवी, नाहीतर सगळे ओल्या पायांनी तंबूतच येतात.

सेंट_लॉरेन्सकाठी

घाटवाट यांच्या मॅटविषयीच्या म्हणण्याशी मी पूर्ण सहमत आहे, वापरलेल्या तंबूविषयी मात्र नाही. ज्याने आयुष्यात एकही तंबू लावलेला नाही त्याला लेप सडलेला आहे की नुसती धूळ आहे हे परक्याच्या दारात दहा मिनिटांत ओळखता येईलच असे नाही, आणि संकोचामुळे आपली माणसे घासाघीस न करता पैसे देऊन मोकळी होतात. माझी स्वतःची अशी फसगत झालेली आहे. त्यामुळे मी नवशिक्यांना सांगतो की बाकी सगळे वापरलेले घ्या, तंबू तेवढा नवीन, पूर्ण फ्लायचा आणि परत करता येईल असा घ्या. कनेडियन टायर या दुकानसाखळीच्या साप्ताहिक पत्रकावर आतापासून लक्ष ठेवा. तिथे आज पूर्ण किमतीला असलेला तंबू काही आठवड्यांनी मोठ्या सवलतीत दिसतो, त्यामुळे मे महिन्यातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीच्या गर्दीत घाई करू नका. आणल्या दिवशीच बैठकीच्या खोलीत पसरून काठ्या आणि चेनी तपासा, म्हणजे दोष निघाला तर वापरण्याआधीच परत करता येईल. सहल करून आल्यावर मळलेला तंबू दुकानाला परत देणारी माणसे मी पाहिली आहेत. ते योग्य नाही, आणि तशाने पुढच्यांसाठी नियम कडक होतात.

तुम्ही क्वेबेकमध्ये असता तर मी तुम्हाला १ जुलैपर्यंत थांबायला सांगितले असते. मॉन्ट्रियलमध्ये बहुतेक भाडेकरार ३० जूनला संपतात आणि दुसऱ्या दिवशी अर्धे शहर घर बदलते. त्या आठवड्यात घडीच्या खुर्च्या, कूलर, कंदील रस्त्याकडेला ठेवलेले असतात आणि कोणीही उचलून नेऊ शकतो. कापडी वस्तू मात्र मी तिथून घेत नाही, कारण ढेकणांचा धोका खरा आहे.

डेकॅथलॉनविषयी: कॅनडातले त्यांचे पहिले दुकान २०१८ मध्ये आमच्याकडे ब्रोसार येथे उघडले आणि आता ओंटारिओतही दुकाने आहेत. साध्या वस्तूंच्या किमतीत पुण्याशी थोडा फरक पडेलही, पण एक बॅग फुगीर सामानाने भरून आणणे आणि नंतर बदलून मिळण्याची सोय नसणे हे लक्षात घेतले तर फायदा उरत नाही. गॅसचे डबे विमानात कुठल्याच सामानात नेता येत नाहीत, आणि तिकडची शेगडी इथल्या डब्यांना बसेल याचीही खात्री नसते. शेगडी इथेच घ्या.

बो_नदीकाठ

मी कॅलगरीहून लिहीत आहे. आमच्याकडच्या पर्वतांत बर्फ कुठल्याही महिन्यात पडू शकतो, त्यामुळे पांघरुणाच्या बाबतीत मी जरा जास्तच काटेकोर आहे, हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

स्लीपिंग बॅगवर ठळक अक्षरांत जो आकडा असतो तो बहुधा आरामाचा आकडा नसतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर दोन आकडे वेगळे दिलेले असतात: एक आरामाचा आणि एक मर्यादेचा. मर्यादेचा आकडा म्हणजे धडधाकट पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढू शकेल असे तापमान, आणि आरामाचा आकडा हा सर्वसाधारण स्त्री सैलपणे झोपू शकेल असा धरलेला असतो. तुम्ही, मुले आणि सासूबाई यांच्यासाठी नेहमी आरामाचाच आकडा पाहायचा. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. ही चाचणी घेताना बॅग मॅटवर ठेवलेली असते, म्हणजे खाली मॅट नसेल तर लेबलवरचा आकडा खोटा ठरतो. अल्गॉन्क्विनमध्ये जुलैतही काही रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तुम्ही डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर जी थंडी सोसली तशीच ती असेल, फक्त इथे आसपास पाणी आहे आणि पहाटे दवाने सगळे ओले असते. मोठ्यांना घरच्या रजया आणि लोकरी टोपी पुरे. मुले रात्रभर पांघरूण लाथाडतात, म्हणून त्यांच्यासाठी मात्र बॅगच हवी, आणि ती वापरलेली मिळाली तर लेबल पाहून धुऊन, ड्रायरमध्ये पूर्ण सुकवून घ्या. झोपताना दिवसभराचे कपडे बदलून कोरडे मोजे आणि कोरडा सदरा घाला. दिवसभरात अंगावर जिरलेला घाम रात्री गार पडतो, आणि हा उपाय फुकटचा आहे.

पहिल्या वर्षी विकत न घेता भाड्याने घेणे हाही मार्ग आहे. आमच्याकडे कॅलगरी विद्यापीठाचे आउटडोअर सेंटर विद्यार्थ्यांखेरीज इतरांनाही तंबू, मॅट, शेगड्या भाड्याने देते, आणि आम्ही पहिली दोन वर्षे तिथूनच सामान नेले. तुमच्या भागात असे कोणी देते का ते विचारून पाहा, पण पाच जणांचा हिशेब करूनच ठरवा, कारण दोन सहलींच्या भाड्यात फोम मॅट विकत येते. ओंटारिओ पार्क्स या प्रांतीय उद्यानसंस्थेचा "लर्न टू कॅम्प" हा कार्यक्रम तुमच्यासारख्यांसाठीच आहे. तंबू, गाद्या, शेगडी पार्कची असते, कर्मचारी तंबू लावायला शिकवतात, आपण अंथरूण-पांघरूण आणि जेवणाचे सामान न्यायचे. जून अखेरीची एखादी रात्र मिळाली तर जरूर करा. तंबू एकदा स्वतःच्या हाताने लावला की वापरलेला तंबू तपासतानाही नजर तयार झालेली असते, त्यामुळे वरचा दोघांचा मतभेदही बराचसा मिटेल.

भाजणी

मी लंडन, ओंटारिओ येथे तीस वर्षे आहे. शेगडीचे मी सांगते, कारण बाकी मंडळींनी ते सोडून दिलेले दिसते आणि आपल्या स्वयंपाकाच्या पद्धतीमुळे तिथे खरा धोका आहे.

दोन प्रकार आहेत. एक म्हणजे दोन बर्नरची, सुटकेससारखी उघडणारी शेगडी, जी ४६५ ग्रॅमच्या हिरव्या प्रोपेन सिलिंडरवर चालते. ही दणकट असते, तिला तीन बाजूंनी वारा अडवायचे पत्रे असतात, आणि एक बर्नर पूर्ण मोठा ठेवला तर एक सिलिंडर साधारण दोन तास पुरतो. वापरलेली मिळाली तर छानच, पण रबरी वॉशर सुकलेले नाहीत ना हे पाहून जोडणीवर साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडे आले तर ती वापरायची नाही. दुसरी म्हणजे कोरियन आणि चिनी किराणा दुकानांत मिळणारी, टेबलावर ठेवायची एका बर्नरची ब्युटेन शेगडी. ही निम्म्याहूनही कमी किमतीत येते आणि तिचे डबेही स्वस्त असतात. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचेच थांबते, त्यामुळे ऑक्टोबरात ती कामाची नाही, पण जुलैला उत्तम चालते. तुमच्या पैशांत हीच बसेल.

मात्र या शेगडीत गॅसचा डबा बर्नरच्या शेजारीच, एका झाकणाखाली आडवा बसलेला असतो. आपण त्यावर डोशाचा मोठा तवा किंवा पाच लिटरचा कुकर ठेवला की भांड्याचा काठ डब्यावर येतो, उष्णता खाली परतते आणि डबा तापतो. तापलेला डबा फुटू शकतो. म्हणून बर्नरच्या बाहेर फारसे न जाणारे भांडेच ठेवायचे. वाऱ्यासाठी शेगडीभोवती ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळणे हाही तितकाच वाईट प्रकार आहे. आणि पाऊस कितीही असो, कुठलीही शेगडी तंबूच्या आत पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते कळत नाही. वापरलेले सिलिंडर कचऱ्यात टाकू नका, पार्कमध्ये ते जमा करायची जागा विचारून घ्या.

खाण्याचे म्हणाल तर थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजून ठेवलेला रवा आणि फोडणी घालून कोरडा करून ठेवलेला खिचडीचा मसाला घरून न्या. लहान तव्यावर लहान थालीपिठे लावा, मुलांना ती हातात धरून खाता येतात. जेवण झाल्यावर मसाल्याचा डबा, साबण, टूथपेस्ट, अगदी मुलाच्या खिशातली गोळीसुद्धा गाडीत ठेवून गाडी बंद करायची. अल्गॉन्क्विन हा अस्वलांचा मुलूख आहे आणि तंबूत वासाची कुठलीही वस्तू ठेवायची नसते. शेकोटीचे लाकूड घरून नेऊ नका, पार्कमध्ये विकत घ्या, कारण लाकडाबरोबर ॲश झाडे मारणारी कीड एका भागातून दुसऱ्या भागात जाते. चावणाऱ्या बारीक काळ्या माश्यांचा (ब्लॅक फ्लाय) जोर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ओसरलेला असतो, डास मात्र असतात. मुलांसाठी २० टक्के इकॅरिडिन असलेला फवारा घ्या आणि त्याचे पैसे आधीच हिशेबात धरा.

किचनरची_नाशिककर

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मी तीन दिवस ही उत्तरे वाचत होते आणि काल यजमानांबरोबर बसून वहीत हिशेब मांडला, तो इथे देते, म्हणजे चुकत असेल तर सांगता येईल.

वापरलेला सहा जणांचा तंबू, फ्लाय जमिनीपर्यंत, केंब्रिजला एका कुटुंबाकडे आहे. ९० डॉलर सांगितले आहेत आणि अंगणात लावून पाहायला त्यांची हरकत नाही. शनिवारी जाणार आहोत. वासाचे, तळहाताचे आणि चेनींचे सगळे मुद्दे वहीत लिहून घेतले आहेत, आणि मनात जराही शंका आली तर रिकाम्या हाताने परत येऊन नवीन तंबूच्या सवलतीची वाट पाहायची असे ठरवले आहे. पाच फोम मॅट, प्रत्येकी २२ डॉलरप्रमाणे ११०, म्हणजे करासह १२४ डॉलर ३० सेंट. ब्युटेनची शेगडी आणि डबे ४५, करासह सुमारे ५१. दोन ताडपत्र्या आणि दोरी २५, करासह सुमारे २८. मुलांच्या वापरलेल्या दोन स्लीपिंग बॅगा ३० डॉलरला ओळखीतल्या घरातून मिळत आहेत. एकूण ३२३ च्या थोडे वर होतात. उरलेल्या २६ डॉलरमध्ये डासांचा फवारा आणि जास्तीच्या खुंट्या बसवेन. घरात एक विजेरी आहे, दुसरी सासूबाई आणतील. गोधड्यांविषयी त्यांना कालच फोनवर सांगितले. त्यांनी माझ्या आजेसासूबाईंची एक वाकळ ट्रंकेतून काढून उन्हात टाकली असल्याचे आज सकाळी कळवले.

एकच गोष्ट सुटत नाही. सासूबाई जमिनीवर झोपू शकतील, पण गुडघ्यांमुळे जमिनीवरून उठू शकणार नाहीत, आणि रात्री एकदा तरी त्यांना उठावे लागते. घडीची कॉट घ्यायची तर नवीन परवडत नाही आणि वापरलेल्या अजून दिसलेल्या नाहीत. उशीसारखे काही रचून मॅटची उंची वाढवता येईल का?

घाटवाट

ताई, रचून उंची वाढवू नका. तसला थर रात्री सरकतो आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने अंधारात त्यावरून उठणे बरे नाही. आमच्याकडे घडीची कॉट आहे, माझी आई यायची तेव्हा तिच्यासाठी घेतली होती, आणि जुलैत आम्हाला ती लागत नाही. ग्वेल्फ तुमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. व्यक्तिगत निरोप पाठवा, सहलीच्या आधीच्या रविवारी येऊन घेऊन जा. बरोबर डोक्याला बांधायची विजेरीही देतो, म्हणजे रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना त्यांचे दोन्ही हात मोकळे राहतील.

कॉटवरसुद्धा खाली फोम मॅट आणि तिच्यावर ती वाकळ घाला, कारण कॉटखालून हवा खेळते आणि पाठ तशीच गारठते. कॉटच्या पायांखाली जुन्या गालिच्याचे चार तुकडे ठेवा, नाहीतर तंबूचा तळ फाटेल. कॉट दाराजवळ लावा, डोके दाराच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे त्यांना मुलांना न ओलांडता बाहेर पडता येईल. परत देताना कापड एक दिवस उन्हात वाळवून द्या, ओल राहिली तर शिवणींना बुरशी धरते. आणि शनिवारी तो तंबू पाहताना मनात शंका आली तर तिथूनच फोटो टाका. मी सकाळभर इथे आहे.